शरीर कमावणे

मराठी भाषेत ‘कमावणे’ हे एक मोठे अर्थपूर्ण क्रियापद आहे. पैसा कमावतात, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु चर्मकार कातडे कमावतो, गवई आवाज कमावतो आणि तालमीतला मल्ल शरीर कमावतो. कच्चे कातडे राठ असते व लवकर कुजते. तेच बाभळीच्या सालीच्या आणि हिरड्याच्या पाण्यात पुष्कळ दिवस मुरले, म्हणजे मऊ व टिकाऊ होते. गवयाचा गळा पहाटेच्या रियाजाने तयार होतो, त्यालाही वर्षे लागतात. या सर्व ठिकाणी मूळ वस्तू जवळ असतेच. तिच्यावर नेमाने मेहनत करावी लागते आणि मध्ये दिवस जाऊ द्यावे लागतात. पैसा एखाद्यास वारशाने मिळेल. कमावलेले शरीर मात्र वारशाने मिळत नाही, आणि उसनेही मिळत नाही.

शरीर कमावण्याच्या या विद्येला आता ‘शरीरसौष्ठव’ असे भारदस्त नाव मिळाले आहे. शहरांतील व्यायामशाळांत त्यासाठी लोखंडी वजने व नाना प्रकारची यंत्रे असतात. खेड्यातील तालमीत तांबडी माती, लाकडी करेल आणि भिंतीवर मारुतीची तसबीर असते. साधने निराळी असली, तरी शरीराला ती ओळखता येत नाहीत. त्याला केवळ भार कळतो, विश्रांती कळते आणि अन्न कळते. म्हणून या तीन गोष्टींचाच विचार आपण करू.

आपल्या शरीरात ६०० हून अधिक स्नायू आहेत. केरसुणीत जशा अनेक काड्या एकत्र बांधलेल्या असतात, तसा प्रत्येक स्नायू हा बारीक तंतूंच्या जुड्यांचा बनलेला असतो. नेहमीपेक्षा अधिक भार पडला की या तंतूंवर ताण येतो, कोठे कोठे त्यांना सूक्ष्म इजाही होते. मग शरीर त्यांची डागडुजी करू लागते, आणि ती करताना तंतू पूर्वीपेक्षा थोडे जाड व बळकट करून ठेवते. हे काम व्यायाम चालू असताना होत नाही. ते व्यायाम संपल्यावर, पुढचा एक-दोन दिवस, आपण शाळेत बसलेले असताना किंवा रात्री झोपेत असताना चालते. याचा अर्थ असा की, जो मुलगा सकाळ-संध्याकाळ त्याच त्या स्नायूंना पिळून काढतो आणि रात्री जागरण करतो, तो गवंडी कामावर यायच्या आतच भिंत पुन्हा खणू लागतो.

स्नायू जाड होण्याच्याही आधी आणखी एक गोष्ट घडते. ज्याला आज पाच जोर काढताना धाप लागते, तोच नेमाने तीन-चार आठवडे व्यायाम केल्यावर दहा-बारा जोर सहज काढतो. त्याने आपला दंड फितीने मोजला, तर तो होता तेवढाच भरतो. मग हे बळ आले कोठून? रस्सीखेचीच्या खेळात आठ गडी आपापल्या वेळी ओढू लागले, तर दोर जागचा हलत नाही. तेच गडी एका हाकेसरशी ओढू लागले, की समोरचा संघ फरफटत येतो. पहिल्या काही आठवड्यांत आपली मज्जासंस्था ही हाक द्यावयास शिकते. स्नायू तोच असतो. त्यातील अधिकाधिक तंतू एकाच वेळी कामाला लागतात.

तुमच्या वयाच्या मुलांनी ही गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण ती न कळल्यामुळे पुष्कळांचा हिरमोड होतो. अकराव्या-बाराव्या वर्षी कितीही मेहनत केली, तरी दंडाच्या बेडक्या फुगत नाहीत. स्नायू भरण्यासाठी शरीरात जे स्राव वाढावे लागतात, ते वयात आल्यावरच वाढतात. कोणास ते लवकर येते, कोणास दोन-तीन वर्षे उशिरा. एकाच बाकावरील दोघे मित्र एकाच दिवशी तालमीत जाऊ लागले, आणि वर्षभरात एकाचे खांदे रुंद झाले, दुसरा होता तसाच काटकुळा राहिला, तर दुसऱ्याचे काही चुकले असे मुळीच नाही. त्याचेही बळ वाढलेले असते, फक्त ते आरशात दिसत नाही.

भार किती घ्यावा, यासंबंधी ग्रीक लोकांत एक आख्यायिका आहे. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात क्रोटन नगरात मायलो नावाचा प्रख्यात मल्ल होऊन गेला. तो म्हणे लहानपणी एक वासरू रोज खांद्यावर उचलून घेऊन चाले. वासरू दिवसागणिक थोडे थोडे वाढत गेले, तसे मायलोचे बळही वाढत गेले, आणि अखेर तो पूर्ण वाढलेला बैल खांद्यावर घेऊन फिरू लागला! आता वासरू माणसापेक्षा किती तरी भरभर वाढते, हे ज्याच्या घरी गोठा आहे त्याला सांगावयास नको. तेव्हा ही कथा अक्षरशः खरी मानण्याचे कारण नाही. तथापि तिच्यातील युक्ती खरी आहे. भार रोज तेवढाच राहिला, तर शरीरास बदलण्याचे कारण उरत नाही. तो एकदम वाढला, तर सांधे दुखावतात. वाढ इतकी हळू असावी की, कालच्यापेक्षा आज काही निराळे केले असे वाटूच नये.

आपल्याकडील तालमीत हीच रीत चालते. कोल्हापूरच्या गंगावेस किंवा मोतीबाग यांसारख्या तालमीत पहाटे मल्लांची मेहनत सुरू होते. तेथील हौद्यातील तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू इत्यादी पदार्थ मिसळून ती मऊ राखलेली असते. फावड्याने ही माती उकरणे हाच मोठा व्यायाम आहे, आणि तो नव्या पोराच्या वाट्याला हमखास येतो. मग जोर आणि बैठका. नवीन पोराला वस्ताद कधी शेकडा जोर सांगत नाहीत. थोडेसेच काढावयास लावतात आणि ते नीट निघतात की नाही, हे बारकाईने पाहतात.

जोर काढताना दोन्ही तळहात खांद्यांइतक्या अंतरावर जमिनीस टेकवावे, पाय मागे फाकवून ठेवावे आणि कंबर वर उचललेली असावी. मग कोपरे वाकवीत डोके, छाती व पोट अनुक्रमे जमिनीच्या अगदी जवळून पुढे न्यावे, हात ताठ करून छाती वर काढावी आणि पुन्हा मूळ स्थितीत यावे. यात छाती, खांदे, दंडांची मागची बाजू आणि पाठीचा कणा या सर्वांना काम पडते. ज्याला जमिनीवर एकही जोर निघत नाही, त्याने ओट्यावर किंवा भक्कम बाकावर हात टेकवून आरंभ करावा. हात जितके उंच, तितका भार कमी. बैठकांनी मांड्या, पोटऱ्या व नितंब बळकट होतात. बैठक मारताना पाठ सरळ ठेवावी आणि गुडघे आत झुकू देऊ नयेत.

केवळ जोर-बैठका काढणाऱ्यांची एक उणीव राहून जाते. जोर हा ढकलण्याचा व्यायाम आहे. ओढण्याचा व्यायाम त्यात नाही. त्यामुळे छाती भरते, पण पाठ तशीच राहते, आणि खांदे पुढे ओढल्यासारखे दिसू लागतात. ही उणीव मल्लखांब आणि दोर भरून काढतात. ती सोय नसेल, तर झाडाची मजबूत फांदी किंवा लोखंडी दांडा पुरतो. त्याला लोंबकळून हनुवटी दांड्यापर्यंत नेण्याचा यत्न करावा. पहिले काही दिवस नुसते लोंबकळणे जमले, तरी ते पुरेसे समजावे.

तुम्ही एक दिवसाआड, म्हणजे आठवड्यातून तीन दिवस, असा व्यायाम केलात तरी चालेल. प्रथम पाच-दहा मिनिटे धावून अंग गरम करावे. मग ढकलण्याचा, ओढण्याचा आणि बैठकांचा असे तिन्ही व्यायाम आठ-दहा वेळा करून, थोडे थांबून, पुन्हा तेवढेच करावेत. आणखी दोन-तीन निघतील असे वाटत असतानाच थांबावे. श्वास कोंडून धरू नये. जोर लावताना तो सोडावा. वहीत तारीख व आकडे लिहून ठेवले, तर महिन्यांनंतर ते वाचावयास मौज वाटते. लोखंडी वजने उचलावयाची असल्यास ती हलकी असावीत, आणि जाणत्या शिक्षकाच्या देखत उचलावीत. किती जास्तीत जास्त उचलता येते याची पैज या वयात कधीही लावू नये. वजने उचलल्याने मुलांची उंची खुंटते, अशी एक समजूत घरोघर ऐकू येते. नीट शिकवून केलेल्या व्यायामाने उंची खुंटत नाही. चुकीच्या पद्धतीने अवजड वजन उचलल्याने वाढत्या हाडांना इजा मात्र होऊ शकते.

मुलींनी असा व्यायाम करू नये, असे मानणारे लोक अजूनही भेटतात. मणिपूरची मीराबाई चानू लहानपणी डोंगरातून सरपणाच्या मोळ्या वाहून आणीत असे. २०२१ मध्ये टोकियो येथे झालेल्या ऑलिंपिक सामन्यांत ४९ किलो वजनगटात तिने एका प्रकारात ८७ आणि दुसऱ्या प्रकारात ११५, असे एकूण २०२ किलो वजन उचलून रौप्यपदक मिळवले. म्हणजे दुसऱ्या खेपेस तिने आपल्या शरीराच्या दुपटीहूनही अधिक भार डोक्यावर धरला होता. तिचा खेळ भारोत्तोलनाचा; त्यात किती वजन उचलले हे पाहतात. शरीरसौष्ठवाच्या स्पर्धेत शरीराची ठेवण आणि प्रमाणबद्धता पाहतात. मेहनतीचे नियम दोहोंना तेच लागू आहेत.

शरीरसौष्ठवात भारताचे नाव प्रथम जगापुढे नेले ते बंगालच्या दोघा पुरुषांनी. १९५१ साली मनोतोष रॉय यांनी आपल्या गटात ‘मिस्टर युनिव्हर्स’ हा किताब मिळवला, आणि पुढच्याच वर्षी मनोहर आइच यांनी बुटक्या स्पर्धकांच्या गटात तो पटकावला. आइच यांची उंची अवघी चार फूट अकरा इंच होती! त्यांचा जन्म आज बांगलादेशात असलेल्या कोमिल्ला जिल्ह्यातील एका खेड्यात झाला. बाराव्या वर्षी, म्हणजे तुमच्याच वयात, त्यांना काळा आजार झाला. वाळूमाशीच्या चावण्याने होणाऱ्या या रोगात दीर्घ काळ ताप येतो, प्लीहा सुजते आणि रोगी अस्थिपंजर होतो. या आजाराने त्यांना मरणाच्या दारी नेले होते. त्यातून उठल्यावर जोर, बैठका, दांड्याला लोंबकळून वर चढणे, असे साधेच व्यायाम करीत त्यांनी शरीर पुन्हा उभे केले.

पुढे ते ब्रिटिशांच्या हवाई दलात नोकरीस लागले. तेथे एका इंग्रज अधिकाऱ्याचे अपमानकारक बोलणे असह्य होऊन त्यांनी त्याच्यावर हात उगारला आणि त्यांची रवानगी तुरुंगात झाली. तुरुंगात साधने कोठली? तरीही ते तासन् तास मेहनत करीत. ती पाहून तेथील अधिकाऱ्यांनीच त्यांच्यासाठी वेगळ्या आहाराची सोय केली. देश स्वतंत्र झाल्यावर ते सुटले. पण घरी दारिद्र्य होते, म्हणून कलकत्त्यास त्यांनी शहाळी विकून पोट भरले. १९५१ साली लंडनच्या स्पर्धेत त्यांचा दुसरा क्रमांक आला. तेव्हा ते परत न येता तेथेच राहिले, रेल्वेत नोकरी धरली आणि मेहनत चालू ठेवली. दुसऱ्या वर्षी किताब जिंकला, त्या वेळी त्यांचे वय चाळिशीच्या घरात होते. त्यांचा आहार भात, डाळ, मासे, भाज्या, फळे आणि दूध असा होता. कोणत्याही बंगाली घरातले हे रोजचे जेवण आहे.

आहाराविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण आज याच बाबतीत मुलांची सर्वांत अधिक फसवणूक होते. स्नायूंची डागडुजी प्रथिनांनी होते. तुमच्या वयाच्या मुलाला शरीराच्या दर किलो वजनामागे रोज सुमारे एक ग्रॅम प्रथिन लागते. म्हणजे ३५ किलो वजनाच्या मुलास ३५ ग्रॅम. हे किती अन्नातून मिळते, त्याचा हिशेब करू. जोंधळ्याच्या एका भाकरीस ६० ग्रॅम पीठ लागते असे धरले, तर तीन भाकरींतून १८ ग्रॅम प्रथिन मिळेल. वाटीभर आमटीतून किंवा उसळीतून सात, मूठभर शेंगदाण्यांतून सात आणि पेलाभर दुधातून सहा. बेरीज ३८ झाली! यात अंडे, मासे किंवा मटण कशाचाही समावेश केलेला नाही. जे ते खातात, त्यांना एका अंड्यातून आणखी सहा ग्रॅम मिळतील. स्पर्धेची तयारी करणाऱ्या प्रौढ माणसास दर किलोमागे दीड ते दोन ग्रॅम लागतात. पण त्याची मेहनतही तशीच असते. गरजेहून जास्त घेतलेले प्रथिन शरीर स्नायूंत साठवून ठेवीत नाही. ते जळून जाते किंवा त्याची चरबी होते.

झुणका-भाकरीला गरिबाचे अन्न म्हणतात. प्रथिने ही अनेक लहान घटकांची बनलेली असतात. धान्यात त्यांपैकी लायसिन नावाचा घटक कमी असतो. तो डाळीत भरपूर असतो. डाळीत जो घटक कमी, तो धान्यात पुरेसा असतो. म्हणून जोंधळ्याची भाकरी आणि हरभऱ्याच्या पिठाचा झुणका एका ताटात आले, की एकाची उणीव दुसरा भरून काढतो. आमटी-भात, खिचडी, इडली यांतही हीच जोडी आहे. ती जुळवणाऱ्या बायांनी रसायनशास्त्राचे पुस्तक पाहिलेले नव्हते.

प्रथिनांच्या नादाने भाकरी आणि भात कमी करू नये. पिष्टमय व स्निग्ध पदार्थ हे शरीराचे सरपण आहे. ते अपुरे पडले, तर शरीर प्रथिनेच जाळू लागते. चुलीत सागवान घालण्यासारखाच तो प्रकार होय. पालेभाज्यांतून लोह मिळते. वाढत्या वयातील मुलींना त्याची विशेष गरज असते, आणि भाजीवर लिंबू पिळले तर ते अधिक अंगी लागते. पाणी तर मुबलक प्यावेच. कोल्हापूरचे मल्ल दूध, तूप, बदामाची थंडाई असा जबर खुराक घेतात. पण त्यांच्या बैठका हजारांनी मोजाव्या लागतात. मल्लाचा खुराक आणि विद्यार्थ्याची मेहनत असा मेळ घातला, तर नुसती ढेरी सुटते.

झोप हीसुद्धा याच हिशेबात येते. गाढ झोपेत वाढीचा स्राव मोठ्या प्रमाणात सुटतो. तुमच्या वयात रात्री नऊ तास तरी झोप हवी.

आता भिंतीवरच्या चित्रांतील त्या पीळदार शरीरांविषयी. तशी शरीरे पाहून मुले आपल्या शरीरावर नाराज होतात. ते चित्र बहुधा स्पर्धेच्या दिवशी काढलेले असते. त्यापूर्वी कित्येक आठवडे त्या माणसाने मोजून मापून जेवून चरबी उतरवलेली असते, शेवटी पाणीही कमी केलेले असते, आणि अंगाला रंग व तेल लावलेले असते. तो स्वतःदेखील इतर दिवसांत तसा दिसत नाही. काही जण तर त्याहून पुढे जाऊन स्नायू फुगवणारी औषधे टोचून घेतात. स्टेरॉइड या वर्गातील ही औषधे वाढत्या वयात घेतल्यास हाडांची वाढीची टोके वेळेआधीच मिटतात आणि उंची कायमची थांबते. हृदय व यकृत यांवरही त्यांचा वाईट परिणाम होतो. ‘महिन्याभरात शरीर बनवून देतो’ असे सांगून कोणी गोळी, सुई किंवा बिननावाची पूड देऊ लागला, तर ती घेऊ नका आणि घरी येऊन आईवडिलांना ते सांगा. मग तो माणूस तुमच्या ओळखीचा असो, की व्यायामशाळेतला असो.

व्यायाम सोडला तर स्नायूंची चरबी होते, असेही लोक म्हणतात. तसे काही होत नाही. स्नायू आणि चरबी हे दोन निराळे पदार्थ आहेत. व्यायाम थांबला, की स्नायू हळूहळू बारीक होतात; भूक मात्र तेवढीच राहिली, तर वर चरबी चढते. परीक्षेच्या दिवसांत दोन आठवडे खंड पडला, तर फारसे बिघडत नाही. एखाद्यास आजारपणाने पाच-सहा महिने खंड पडला, तरी पुन्हा आरंभ केल्यावर त्याचे गेलेले बळ पहिल्या खेपेपेक्षा कमी दिवसांत परत येते. फक्त त्याने सोडताना वहीत जो आकडा लिहिला होता, तेथून आरंभ करू नये. त्याच्या निम्म्यापासून करावा.